पाण्याचा हिशेब गावानं मांडायला हवा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेत ५ लाख लिटर पाणी होतं. साऱ्या देशानं ते दृश्य पाहिलं. आता एक साधं गणित करू.

एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. मराठवाड्यात चांगल्या वर्षी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. उसाला लागतं २,००० च्या आसपास. सगळा पाऊस पिकालाच मिळाला असं धरलं, तरी हेक्टरी १ कोटी २० लाख लिटर कमी पडतं. म्हणजे त्या पहिल्या रेल्वेच्या २४ खेपा! हे पाणी धरणातून किंवा बोअरमधून येतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हेच गणित साऱ्या पृथ्वीसाठी मांडणारी मॉडेल्स मला थक्क करतात. जर्मनीतल्या पोट्सडॅम इन्स्टिट्यूटचं 'एलपीजेएमएल' हे त्यातलं एक. ते जमिनीचे अर्ध्या अंशाचे चौकोन पाडतं आणि पाऊस, मातीतली ओल, झाडं, पिकं, नद्या यांचा हिशेब एकत्र ठेवतं. पीक बदललं की ओल बदलते, नदीही बदलते. त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे.

अशा हिशेबातून एक गैरसमज दूर होतो. ठिबकमुळे वाया जाणारं पाणी नक्कीच कमी होतं, पण उसाच्या पानांतून हवेत जाणारं पाणी फारसं कमी होत नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, तर भूजलाला काय मिळालं?

पण असा एक चौकोन सुमारे ५० किलोमीटरचा असतो. त्यात कुणाचं बोअर खोल आणि कुणाची विहीर कोरडी, हे दिसत नाही. ते गावालाच ठाऊक असतं. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मग पिकं ठरवतं. तिथं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे.

ऊस लावणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. उसाला हक्काचं गिऱ्हाईक आहे. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण प्रत्यक्ष खरेदीची खात्री शेतकऱ्याला वाटायला हवी. ती मिळाल्याशिवाय पीक बदलणार नाही.

मित्रांनो, आपल्यातल्या अनेकांना कोडिंग येतं, निदान एक्सेल तरी येतंच. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की पाऊस, पिकं, विहिरींची पातळी एका तक्त्यात मांडा आणि तो ग्रामसभेत ठेवा. टँकर यायच्या आधी हा हिशेब गावासमोर यायला हवा.