आकडा आणि आशा

सरावलीहून तारापूर औद्योगिक वसाहतीत कामास जाणाऱ्या कामगाराचा पगार आज परस्पर बँकेत जमा होतो. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा राहणारा आकडेवाला त्यास भेटत नाही. तथापि त्याच्या खिशावरील संकट टळले, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईत पैजा लागत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले; पुढल्याच वर्षी कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला निराळा मटका काढला. दहा अंकांपैकी एक लागला तर रुपयास साधारण नऊ रुपये मिळत. हिशेब उघड होता : रुपयामागे दहा पैसे चालकाचे. तरीही गिरणी कामगार खेळला, कारण पगारातून न साधणारे घर वा लेकीचे लग्न तो त्या अंकात पाहत होता.

आज त्या आशेने शेअरबाजाराची वाट धरली आहे. चांगल्या कंपनीचा भाग घेऊन वर्षानुवर्षे ठेवणे ही उद्योगातील भागीदारी होय. तिला जुगार म्हणणे अन्याय ठरेल. पण फ्युचर्स-ऑप्शन्सच्या व्यवहारात एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा, आणि दलाली व कर दोघांकडून वसूल! सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांस तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये त्यांतील तीन चतुर्थांशाहून अधिक जणांचे घोषित वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होते. मटका कायद्याने गुन्हा आहे आणि हा व्यवहार कायदेशीर आहे, एवढ्या भेदाने रिकामे झालेले घर भरून निघत नाही.

सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून नव्या निर्देशांक करारांचे किमान मूल्य पंधरा लाखांवर नेले, हे योग्यच झाले. परंतु केवळ कुंपण उंच करून आशा आवरत नाही. कामगार संघटनांनी व ग्रामपंचायतींनी वस्तीवस्तीत हा हिशेब मराठीत आणि हिंदीत समजावून द्यावा. कारखानदारांनीही, पगारावर संसार उभा राहतो की नाही, हे एकदा स्वतःस विचारावे. श्रमाने जे मिळावयास हवे ते श्रमाने मिळत नाही, तेव्हाच माणूस आकड्याकडे वळतो.