निरोगी दात घासण्यापूर्वी

पटाशीच्या दाताचा उडालेला टवका, दोन दातांमधली बारीक फट, जन्मतःच निमुळता राहिलेला बाजूचा दात, अशा दोषांत दात आजारी नसतो, फक्त दिसायला कमी पडतो. अशा दातावर पहिला उपचार कॉम्पोझिट बाँडिंगचाच असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण साधे आहे. एनॅमल पुन्हा तयार होत नाही. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये पुढच्या दातांच्या निरनिराळ्या प्रिपरेशनमध्ये दाताच्या शिखराचा, म्हणजे हिरडीबाहेरच्या भागाचा, किती भाग जातो ते वजन करून मोजले. व्हिनियर आणि रेझिनने चिकटवायच्या ब्रिजसाठी तो प्रकारानुसार ३ ते ३० टक्के होता, पूर्ण क्राउनसाठी ६३ ते ७२ टक्के. मिलिमीटरभर टवक्यासाठी दोन तृतीयांश शिखर घासणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप टिकाऊपणाचा. सिरॅमिकच्या मानाने कॉम्पोझिट लवकर झिजते, त्याची चकाकी जाते, रेझिन पाणी शोषते आणि त्यासोबत रंगही. रोज हळद आणि दोन-तीन वेळा चहा असलेल्या आपल्या आहारात तर हे झाकण्यात अर्थ नाही. पण उपचार किती वर्षे टिकला याच्याइतकेच तो निकामी झाल्यावर हाती काय उरले, हेही विचारायला हवे. डागाळलेले बाँडिंग पॉलिश होते, तुटलेला कोपरा तेवढाच दुरुस्त होतो, आणि पुढे व्हिनियर करायचे ठरले तरी खालचे एनॅमल शाबूत असते. क्राउन निकामी झाला की त्याच्याखाली घासलेला खुंट असतो, आणि पुढचा प्रत्येक उपचार आधीच्याहून मोठा होत जातो. ‘डॉक्टर, एकदाच काय ते करून टाका’ म्हणणाऱ्या विशीतल्या रुग्णाला हा पुढचा हिशेब सांगणे आपले काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: बाँडिंग अनेकदा लवकर सुटते. पण तो दोष बहुधा पद्धतीचा नसून घाईचा असतो. एनॅमलवर आम्लाने पकड निर्माण करता येते हे बुओनोकोर यांनी १९५५ मध्येच दाखवले. ती पकड आजही डेंटीनवरच्या पकडीपेक्षा भरवशाची आहे, मात्र कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावरच. एचिंगनंतर धुऊन वाळवलेले एनॅमल खडूसारखे पांढरट दिसले पाहिजे. त्यावर लाळ लागली तर पुन्हा एच करावे, नुसते पुसून पुढे जाऊ नये. शेड रबर डॅम लावण्यापूर्वी, दात ओला असतानाच निवडावी, कारण वाळलेला दात काही मिनिटांत फिका दिसू लागतो. एच न करता कॉम्पोझिटचा छोटा ठिपका दातावर क्युअर करून पाहिला, तर रंगाचा अंदाज चुकत नाही. ब्लीचिंग झाले असेल तर किमान एक-दोन आठवडे थांबावे. दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला नीट क्युअर होऊ देत नाही.

रात्री दात खाणाऱ्या, पुढचे दात टोकाला टोक भिडणाऱ्या किंवा हिरड्या सुजलेल्या रुग्णांत आधी त्या कारणाचा उपचार हवा, आणि दात वाकडे असतील तर ऑर्थोडोंटिक्सचा. तिथे कॉम्पोझिटचे थर चढवणेही चूकच.

राहिला प्रश्न फीचा. थर, आकार आणि पॉलिशिंग यांत लॅबविना सारा वेळ आपला जातो, म्हणून फिलिंगच्या दरात हे काम परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून हात क्राउनकडे वळतो. तेव्हा फी साहित्यावर नव्हे, खुर्चीवरच्या वेळेवर ठरवावी आणि पुढच्या पॉलिशिंगचा व दुरुस्तीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहून द्यावा.