शब्दविचार : ‘तोच’ आणि ‘तसाच’

गेल्या महिन्यांत येथील एक तरुण गृहस्थ प्रतिज्ञापत्राचा मराठी मसुदा तपासून घेण्यासाठीं आमच्याकडे आले. त्यांच्या दिवंगत आजोबांचें नांव शेतीच्या जुन्या कागदांत एका तऱ्हेनें व पुढील कागदांत दुसऱ्या तऱ्हेनें नोंदलें गेलें होतें. त्यापायीं वारसाचें काम अडून बसलें होतें. किनवटास हें नवल नाहीं. हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत होता. निजामी अमलांत दप्तर उर्दूंत चाले, आणि त्या लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. तेव्हां एकाच नांवाचीं दोन रूपें व्हावीं हें स्वाभाविकच होय.

मसुद्यांत ‘आयडेंटिकल’ या इंग्रजी विशेषणाचें भाषांतर असें होतें : ‘वरील दोन्ही नांवांच्या व्यक्ति सारख्या आहेत.’ ती ओळ आम्हीं खोडली. सारखेपणाला दोन वस्तु लागतात. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त उपमेचें लक्षण सांगतांना भेदाची अट घातली आहे, मुख हें चंद्र नाहीं म्हणूनच तें चंद्रासारखें म्हणतां येतें. आजोबा ‘सारखे’ आहेत अशी शपथ नातवानें घेतली असती, तर आजोबा दोन होते अशी कबुलीच त्यानें आपल्या हातानें लिहून दिली असती!

दोष सर्वस्वीं भाषांतरकाराचा नव्हे. हा शब्द लॅटिनमधील ‘इडेम’, म्हणजे ‘तोच’, यापासून निघाला. परंतु इंग्रजींत त्याचे ‘तोच’ व ‘हुबेहूब तसाच’ असे दोन्ही अर्थ रूढ आहेत. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांना हें विशेषण दुसऱ्या अर्थानें लावतात. तीं भावंडें दोनच असतात, आणि त्यांच्या बोटांचे ठसेदेखील भिन्न असतात. मराठींत हा घोटाळा होत नाहीं. ‘तेंच पातेलें आण’ व ‘तसलेंच पातेलें आण’ यांतील भेद घरांतील लहान मूलही जाणतें.

आणखी एक सूचना. काटेकोर लेखनांत या विशेषणाला तारतम्य लावूं नये. ‘अधिक आयडेंटिकल’ म्हणणें म्हणजे ‘अधिक तोच’ म्हणणें! थोडेंफार साम्य दाखवावयाचें असल्यास ‘सिमिलर’ हा शब्द आहेच.

‘तोच हा देवदत्त’ हें वेदान्त्यांचें उदाहरण पुष्कळांस ठाऊक असेल. तेव्हां तेथें पाहिलेला व आज येथें दिसणारा, यांतील काळ आणि स्थळ बाजूस सारलें कीं माणूस एकच उरतो. त्याच न्यायानें आम्हीं मसुद्यांत लिहिलें : ‘वरील दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं आहेत.’

मात्र शब्द शुद्ध झाला म्हणून गोष्ट सिद्ध होत नाहीं. बापाचें नांव, गांव व जमिनीचा नंबर दोन्ही कागदांत जुळतात कीं नाहीं, हें पाहूनच सही करावी, असें त्या गृहस्थांस आम्हीं बजावलें. शपथेवर लिहावयाचें तें आधीं खरें असावें, मग शुद्ध असावें.