सव्वा मूठ गव्हातली वंशावळ

नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते. त्या सुमाराला सुरतेजवळच्या सचिनमध्ये, जीआयडीसीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या खान्देशी माणसाचं चित्त मशीनवर राहत नाही. सुट्टी मिळाली तर उधन्याहून भुसावळकडची गाडी पकडायची, नवापूर ओलांडायचं आणि थोरल्या भावाचं घर गाठायचं.

हा रस्ता जुना आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० साली अमळनेरपर्यंत पोचली आणि तापीकाठची गावं सुरतेला जोडली गेली. पुढे शेतीनं हात टेकले तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबारची कुटुंबं याच रुळांवरून लूम आणि डाइंग मिलच्या कामाला आली. उधना, लिंबायत, पांडेसरा, सचिन इथं स्थिरावली. त्यांची नातवंडं बाहेर सफाईनं गुजराती बोलतात. अहिराणी उरली घरात, आणि कानबाईच्या गाण्यांत.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, सगळे भाऊबंद एका घरी जमतात. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी असा बेत असतो. पण खरा प्रसंग त्याआधीचा, गहू मोजण्याचा. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, ही अनेक घरांतली रीत. म्हातारी एकेक नाव घेते, सून सुपात मूठ टाकते. मध्येच कुणीतरी विचारतं, ‘सुरतवाला भाऊना नातू मोजा का?’ पाळण्यातलं पोरही सुपात आलं पाहिजे. कोण कुणाचा चुलता, कुठली शाखा कुठल्या गावी गेली, याची उजळणी तिथंच होते. एवढी जिवंत वंशावळ छापील कुलवृत्तांतातही सापडायची नाही.

सचिन गावाचा इतिहासही एका स्थलांतरित घराण्याचाच आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाला १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारातून हा मुलूख मिळाला आणि १९४८ पर्यंत इथं नवाबी नांदली. नवाबांच्या पिढ्या दप्तरात नोंदल्या गेल्या. गिरणीत आलेल्या माणसाचे गहू मात्र दळले जातात, त्यांचा रोट होतो, आणि पुढच्या श्रावणात सगळी नावं पुन्हा म्हातारीच्या आठवणीतूनच काढावी लागतात.

ती म्हातारी नसेल तेव्हा काय? त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या, आडनावांच्या वह्या आहेत. कुणी पूर्वज तिथं गेला असेल तर त्याचं नाव सापडतं. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारोदार फिरून घराण्याच्या पिढ्या सांगत. सचिनच्या चाळीत वाढलेल्या पोराला मात्र पणजोबांच्या मागचं नाव विचारलं तर उत्तर मिळणं कठीण.

आणि लेकी? गाणी बायकांच्या तोंडी, रोट बायकांच्या हातचा, नावं म्हातारीच्या ध्यानात, पण लेकीच्या नावाची मूठ सुपात पडत नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीला माहेरचा रोटही बऱ्याच घरांत चालत नाही. ही रीत बदलायला हवी, आणि ती बदलण्याचा अधिकार जमलेल्या भाऊबंदांनाच आहे. देवीच्या सणात देवीच्याच लेकी मोजायच्या नाहीत, हे पटत नाही.

यंदा गहू मोजताना शाळेत जाणाऱ्या एखाद्या नातीला सुपाशेजारी वही देऊन बसवावं. म्हातारी सांगेल तसं तिनं लिहावं: नाव, मूळ गाव, सुरतेला कोण कधी आलं, आईचं माहेर कुठलं. आणि पुरुषांच्या नावांखाली आत्यांची, बहिणींची, शेवटी स्वतःचं.