गोठ्यातले पुण्य, माजघरातले पाप

गाय माजावर आली की आमच्या माकुणसारच्या बाजूचा शेतकरी काय करतो? पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप धाडतो. मग एक गृहस्थ फटफटीवर द्रवनत्राचे पात्र बांधून दारात हजर होतात, गोठवलेल्या वीर्याची कांडी कोमट पाण्यात वितळवतात, दहा मिनिटांत काम आटोपतात आणि वळूचा क्रमांक वहीत टिपून पुढच्या गोठ्याकडे जातात. ओटीवरची म्हातारी त्यांना चहा विचारते. पोरेबाळे भोवती उभी असतात. कोणाची लाज जात नाही, कोणाची संस्कृती बुडत नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला उभारलेल्या बायफ संस्थेने ही दारपोच सेवा खेडोपाडी नेली, आणि २०१९ साली केंद्र सरकारने देशव्यापी मोहीम काढून ती शेतकऱ्याला फुकट देऊ केली. हे सारे मला मनापासून मान्य आहे.

आता गोठ्यातून माजघरात येऊ. दोन सज्ञान, मिळवत्या स्त्रिया एका घरात जोडप्यासारख्या राहतात. दोघींना मूल हवे आहे. त्या एका परिचित पुरुषाकडे वीर्य मागतात, तो स्वखुशीने देतो, आणि दार लावून घेऊन त्या गाईच्या बाबतीत जे गावासमक्ष झाले तेच स्वतःच्या बाबतीत करतात. एवढे ऐकताच आमच्या सुशिक्षित मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. शिव! शिव! हे काय भलतेच? बाईची गाईशी तुलना केली म्हणूनही कोणी चवताळेल. त्यांना मी एवढेच विचारते की, गाईसाठी रोगमुक्त वळू, तपासलेले वीर्य, शिकलेला माणूस आणि नोंदवही हे सारे दारात आणून देणाऱ्या समाजाने या दोन बायांसाठी काय आणून दिले?

क्रिया तशी साधी आहे. वीर्य स्वच्छ भांड्यात घ्यायचे, ते पातळ होईपर्यंत वीसतीस मिनिटे थांबायचे, आणि बिनसुईच्या सिरिंजने योनिमार्गात सोडायचे. स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज सुटण्याच्या आदले एकदोन दिवस हेरावे लागतात, आणि ते हेरणारी मूत्रपरीक्षेची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते. यात अघोरी असे काही नाही. पण धोका आहे, आणि तो झाकून ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. न धुतलेले वीर्य नळीने थेट गर्भाशयात घातले तर भयंकर कळा येऊ शकतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो. ते काम दवाखान्यातच, धुतलेल्या वीर्याने व्हावयाचे. दुसरा धोका रोगांचा. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, उपदंश हे सारे वीर्यातून येऊ शकतात, आणि एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, ती तपासणीत सापडतच नाही. म्हणून तर वीर्य गोठवून ठेवून काही महिन्यांनी दात्याची पुन्हा तपासणी करण्याची पद्धत पडली. वळूच्या बाबतीत हे आम्हांला केव्हाच उमगले होते.

‘मग दवाखान्यात का जात नाहीत?’ असे विचारणारा शहाणा लगेच भेटतो. गंमत अशी की, कायद्याने ते दार अर्धवट उघडेच ठेवले आहे. सहाय्यक प्रजननासंबंधीचा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याप्रमाणे एकवीस वर्षांवरील आणि पन्नाशीच्या आतील कोणतीही स्त्री वीर्यपेढीतील वीर्याने गर्भधारणा करून घेऊ शकते. ती विवाहित असलीच पाहिजे अशी अट तीत नाही. दात्याचे मुलावर काही हक्क राहत नाहीत, तेही स्पष्ट लिहिले आहे. उत्तम! पण जोडपे म्हणून आत यायचे तर ते विवाहित हवे. आणि दोन स्त्रियांचा विवाह या देशात होऊ शकत नाही. म्हणजे या दोघींपैकी एकीने आत जायचे ते ‘एकटी’ म्हणून, आणि दुसरीने बाहेरच्या बाकावर बसायचे. ‘बरोबर कोण?’ असे विचारले की ‘मैत्रीण’, नाहीतर ‘चुलतबहीण’. ज्या क्षणी एखादे कुटुंब जन्माला यायचे, त्याच क्षणी त्याने खोटे बोलून सुरुवात करावी अशी ही सोय आहे. शिवाय दवाखान्याचा खर्च, दर महिन्याची रजा, आणि कायदा हो म्हणत असूनही तोंड फिरवणारा डॉक्टर भेटला तर तो वेगळाच. या सगळ्याला कंटाळून दोघी घरी परततात आणि दार लावून घेतात. त्यांना निर्लज्ज म्हणणे सोपे आहे. त्यांना घरी कोणी पाठवले ते म्हणणे अवघड.

निसर्गाचा आधार घेऊन बोलणाऱ्यांचे मला नवल वाटते. आमच्या पट्ट्यात केळी मुनव्यांवर लावतात. त्या संततीत बापाचा काडीचा संबंध नसतो, आणि तरीही लोंगर गोड लागतो! पण निसर्गाला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही. तो ज्याच्या त्याच्या बाजूने साक्ष देतो. धर्माचे म्हणाल तर धृतराष्ट्र आणि पंडू हे विचित्रवीर्याच्या पाठीमागे व्यासांपासून झाले, आणि कुरुकुलाने त्यांना विचित्रवीर्याचेच पुत्र मानले. बीज कोणाचे यापेक्षा घर कोणाचे हा प्रश्न त्या लोकांना मोठा वाटला. बंगालीतल्या कृत्तिवासी रामायणात तर दिलीपाच्या दोन विधवा राण्यांच्या मीलनातून भगीरथ जन्मला असे सांगितले आहे. पोर जन्मले ते अस्थिहीन, आणि अष्टावक्राच्या कृपेने ते धडधाकट झाले. ही कथा मी पुरावा म्हणून देत नाही. दोन बायांचे मूल ही कल्पनाच परदेशातून आली असे म्हणणाऱ्यांनी ती वाचावी, इतकेच.

‘मुलाला बाप नको का?’ हा आक्षेप मात्र नुसता थट्टेने उडवण्यासारखा नाही. पण तो घेणाऱ्यांनी आमच्या जिल्ह्यात चार दिवस राहून पाहावे. डहाणू–तलासरीकडचे कित्येक बाप गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात ते महिनेच्या महिने परतत नाहीत. काही बिचाऱ्यांनी सरहद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढली आहेत. मागे मुले वाढतात ती आई आणि आजीच्या, आई आणि मावशीच्या हातांवर. दोन बायांनी मूल वाढवले म्हणून ते बिघडले असे कोणी म्हणत नाही. वारल्यांच्या पाड्यांवर लग्नाच्या खर्चाला पैसा नसतो म्हणून जोडपी लग्नावाचून नांदतात, आणि पुढे सामुदायिक विवाहात आईबापांच्या डोक्यावर अक्षता पडताना मुले समोर उभी असतात. ती मुले शाळेत येतात, पाढे म्हणतात, आणि बाकीच्यांसारखीच गृहपाठ चुकवतात. तेव्हा बापाची काळजी हे निमित्त आहे. दोन बाया एकमेकींवर प्रेम करतात हे सहन होत नाही, हे खरे कारण. ते सरळ सांगावे.

या महाराष्ट्रात ही ओरड नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. कर्वे म्हणत होते की समागम आणि संतती यांची गाठ सोडता येते. तेव्हा लोक खवळले, कारण त्यांना संततीवाचून समागम पाप वाटला. आज या बाया समागमावाचून संतती मागतात, तर लोक पुन्हा खवळले आहेत! गाठ कोणत्याही टोकाने सोडली तरी आमचे सोवळे विटाळते.

आम्हां लेखकांनीही फारसे केलेले नाही. तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणली, हे धाडस खरेच. पण त्यांची सुमित्रा शेवटी मरते. अशा बाईचा मृत्यू मराठी वाचकाच्या पचनी पडतो. तीच बाई मांडीवर मूल घेऊन भाजी निवडते आहे, शेजारीण कोथिंबिरीची जुडी मागायला आली आहे, असे चित्र मराठी कादंबरीत कुठे आहे? माझ्याही कादंबऱ्यांत नाही.

खरे संकट पुढेच आहे, आणि ते वीर्याचे नाही, कागदाचे आहे. दवाखान्यातून आलेल्या वीर्याचा पुरुष ‘दाता’ ठरतो. घरी भांड्यात वीर्य देणारा मित्र कोण ठरतो? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे विवाहबाह्य मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्या पश्चात बाप. म्हणजे बाळंतपणात ती दगावली, तर ज्याने वाटीभर मदत केली तो रांगेत पहिला, आणि जिने नऊ महिने तिचे पाय चेपले ती रांगेतच नाही! उलट उद्या घरात ओढगस्त झाली तर त्याच भल्या माणसावर मुलाच्या पोटगीचा दावा लागू शकतो, कारण पोटगीचा कायदा औरस–अनौरस पाहत नाही. ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एका गृहस्थाने २००९ साली दोन स्त्रियांना वीर्य दिले, लेखी करार केला, आणि त्यांनी रेतन घरी केले. पुढे सरकारने मुलीच्या पोटगीसाठी त्यालाच धरले. का, तर क्रियेत डॉक्टर नव्हता! २०१४ साली न्यायालयाने त्याला बाप ठरवले, आणि २०१६ साली दुसरी आईच दुसरी पालक असे म्हणून त्याची सुटका केली. इंग्लंडने हा घोळ आधीच मिटवला होता. तेथे एप्रिल २००९ पासून नोंदणीकृत जोडपे असलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीने कृत्रिम रेतनाने मूल जन्माला घातले, की दुसरी आपोआप कायदेशीर पालक होते. रेतन दवाखान्यात झाले की घरी, हे पाहिले जात नाही.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला. अशा जोडप्याने मिळून दत्तक घ्यावे की नाही यावर पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन अशी फाटाफूट झाली आणि नकार जिंकला. २०२४ साली सरकारने राज्यांना कळवले की अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले समजावे. बँकेत संयुक्त खातेही काढता येईल असे स्पष्ट केले. छान झाले. गहू–तांदळापुरत्या त्या दोघी एक घर आहेत. त्या तांदळाची पेज जिला भरवायची, त्या मुलीपुरत्या मात्र एक घर नाहीत.

मी शाळेत नावे दाखल करून घेते, म्हणून हे मला रोजच्या हाताळणीतले आहे. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे सक्तीचे केले: मुलाचे नाव, आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. त्या पिढीची मुले काही वर्षांत पहिलीत येतील, आणि त्यांतले एखादे दोन आयांचे असेल. दुसऱ्या आईसाठी कोणत्याही वहीत रकाना नाही. ती पालकसभेला आली तर कोणत्या नात्याने बसवायची? मूल तापाने फणफणले आणि तीच घ्यायला आली, तर शाळेने मूल कोणत्या अधिकाराने तिच्या हाती द्यायचे?

मागणी अवाढव्य नाही. सहाय्यक प्रजननाच्या कायद्यातील जोडप्याच्या व्याख्येत दोन स्त्रियांना जागा द्या, म्हणजे त्या दवाखान्यात उजळ माथ्याने येतील आणि घरचा धोका आपोआप कमी होईल. घरीच झालेल्या रेतनातही जन्मापूर्वी लेखी संमती देणाऱ्या दुसऱ्या स्त्रीला पालक माना, आणि वीर्य देणाऱ्याला हक्कांतून व पोटगीतून मोकळे करा. हे होईल तेव्हा होईल. तोवर अशा घरांतील स्त्रियांनी निदान एक करावे. त्याच १९५६ च्या कायद्याच्या नवव्या कलमाने हिंदू आईला आपल्या विवाहबाह्य मुलासाठी मृत्युपत्राने पालक नेमता येतो. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती करावी, आणि मूल जन्मल्यावर लगेच करावी. दुसरीनेही आपल्या मालमत्तेचे मृत्युपत्र मुलाच्या नावे करून ठेवावे, कारण तिच्या पश्चात तिचे भाऊ–पुतणे दारात उभे राहिले, तर त्या मुलाला त्या घराच्या उंबऱ्यावरही हक्क सांगता येणार नाही.