पोराला फौजेत धाडण्याआधी

मंडळी, आपल्या कोगनोळीत आणि आसपासच्या गावांत बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न घरोघरी निघतो : पोराला फौजेत धाडायचं का? परवा भावकीतल्या एकानं विचारलं, "काका, तुम्ही बँकेतले, तुम्हीच हिशेब सांगा." तो सगळ्यांच्याच उपयोगाचा, म्हणून इथं लिहितो.

आमच्या पिढीला हे सोपं होतं. शिपाई म्हणून भरती व्हायचं, पंधरा वर्षं काढायची, मग जन्मभर पेन्शन. नोकरीत असताना बघितलंय, महिन्याच्या सुरुवातीला माजी सैनिक पासबुक घेऊन काउंटरवर हजर. तंबाखूचा भाव पडो की पाऊस दडी मारो, ती एन्ट्री पडायचीच. तिच्यावर पोरं शिकली, घरं उभी राहिली.

जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि गणित बदललं. आता शिपायाची भरती अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी. पगार पहिल्या वर्षी महिना 30,000, चौथ्या वर्षी 40,000. त्यातले 30 टक्के कापून सेवानिधीत जातात, तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11.71 लाख हातात, त्यावर आयकर नाही. 48 लाखांचा विमा, हप्ता न भरता. पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणजे चारातली तीन पोरं बावीस-तेविसाव्या वर्षी परत घरी.

11.71 लाख ऐकायला मोठे वाटतात. सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला 6,800 च्या आसपास व्याज. त्यात संसार चालतो का, तुम्हीच सांगा. ते धंद्याचं नाहीतर शिक्षणाचं भांडवल आहे, पेन्शन नव्हे.

जमेची बाजूही मोठी आहे. शिस्त लागते, अंगात कस येतो, देश बघायला मिळतो. शिवाय मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या सीमाभागातल्या पोराला राज्य सरकारच्या नोकरीत कन्नड आडवी येते, फौजेत ती अडचण नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तर आपल्या बेळगावातच. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे त्या लढाईतून परत आले नाहीत. जिवाची जोखीम कुठल्याच खातेवहीत बसत नाही, ती ज्याची त्यानंच ओळखून पत्करायची.

म्हणून माझं मत असं. वाटणीला जमीन पुरत नाही म्हणून धाकट्याला धाडू नका. त्याच्या मनात असेल तरच जाऊ द्या. पोरगं अभ्यासात हुशार असेल तर आधी एनडीए, नाहीतर पदवीनंतर सीडीएसची परीक्षा देऊन अधिकारी व्हायचा प्रयत्न करू दे. एनडीएचं दार 2022 पासून मुलींनाही उघडं आहे. अग्निवीर झालाच, तर बाहेरून पदवीचा अभ्यास चालू ठेवायला लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेवानिधीचा पैसा त्याचाच. तो बहिणीच्या लग्नाला नाही, थोरल्याच्या ट्रॅक्टरला नाही, स्लॅबला तर नाहीच. चार वर्षांनी नव्यानं उभं राहायला त्याच्याकडे दुसरं काही नसणार. भरतीचा अर्ज भरण्याआधी बापानं चारचौघांत एवढं बोलून दाखवावं. ज्या घराची तेवढी तयारी नाही, त्या घरानं पोराला धाडू नये.