सापळ्यातले पतंग

मानवतच्या बाजारात येणारा कापूस आपल्या मायबहिणींनी वेचलेला असतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात बोंडे पोखरली. वेचणीची मजुरी वजनावर. कापूस घटला की पहिली चूल थंडावते ती मजुराची. अळी बोंडाच्या आत, तिथे फवारा पोचत नाही. म्हणून कामगंध सापळ्यात अडकलेले नर पतंग मोजतात. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पतंग आढळले, की उपाय करायचा. हे गणित चौथीच्या पोरीलाही जमते!

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून शेजारीच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी संशोधन करताना वेचणाऱ्या बाईलाही विचारावे. आणि पालकहो, मुलीला वेचणीला धाडू नका, वही द्या. उद्या ते संशोधन तिनेच करावे, असे आम्हांस वाटते.